डोंगरातली वनस्पती उद्याने आणि आपल्या दाराशी असलेला सह्याद्री

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुटी जवळ आली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून थंड हवेच्या ठिकाणांची माहिती येऊ लागते आणि कोल्हापुरातील सहल आयोजकांच्या फलकांवर उटी, कुन्नूर, कोडाईकनाल ही नावे झळकू लागतात. अशा प्रत्येक सहलीच्या कार्यक्रमात ‘बोटॅनिकल गार्डन’ ही एक ओळ ठरलेली असते. तिच्या वाट्याला दुपारच्या जेवणानंतरचा तास-दीड तास येतो. तेवढ्यात हिरवळीवर टेकणे, ताटव्यांपुढे मुलांना उभे करून फोटो काढणे आणि फाटकाबाहेर उकडलेल्या शेंगा खाणे एवढे उरकून मंडळी पुन्हा बसमध्ये बसतात. सहलीला गेलेल्या माणसाने आनंद कसा घ्यावा हे दुसऱ्याने सांगू नये, हे मला मान्य आहे. तरीही डोंगराळ मुलखातील वनस्पती उद्यान मुद्दाम वाट वाकडी करून पाहण्याजोगे कशामुळे ठरते, तशी उद्याने कुठे आहेत आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपणा कोल्हापूरकरांच्या हाताशी त्यातले काय आहे, याविषयी आपल्या वाचकांपुढे थोडे सविस्तर लिहावे असे वाटले. वनस्पतीशास्त्र हा माझ्या अध्यापनाचा विषय होता आणि निवृत्तीनंतर तो छंद म्हणून उरला आहे, एवढाच या बाबतीत माझा अधिकार.

माझी कसोटी साधी आहे. गुलाब, डेलिया, पॅन्झी आणि यंत्राने कापून सारखी केलेली हिरवळ ही कोल्हापुरात, पुण्यात किंवा दिल्लीत सारखीच दिसते. ती पाहण्यासाठी दोन हजार मीटर चढून जाण्याचे काही कारण नाही. ज्या डोंगरावर उद्यान वसले आहे त्या डोंगराची स्वतःची झाडे, वेली, नेचे आणि गवते तिथे किती आहेत, आणि ती कोणती हे पाहणाऱ्याला कळण्याची काय सोय आहे, यावर त्या उद्यानाचे मोल ठरावे. डोंगरात उंची बदलली, उताराचे तोंड बदलले, पावसाचे मान बदलले की वनस्पती बदलतात. हा फरक जंगलात पाहायचा तर दिवसेंदिवस तंगडतोड करावी लागते. चांगल्या उद्यानात तो एका फेरीत ध्यानात येतो. हे ज्या उद्यानाला साधले आहे तिथे अर्धा दिवस द्यावा. जे केवळ शोभेचे आहे तिथे शेंगा खाण्याला माझी हरकत नाही.

या कसोटीला उटीचे शासकीय वनस्पती उद्यान अर्धेच उतरते, आणि ते अर्धेही फारसे कोणी पाहत नाही. या उद्यानाचा उगम मोठा व्यवहारी आहे. तिथे राहणाऱ्या युरोपीय लोकांना स्वस्तात भाजीपाला मिळावा म्हणून वर्गणी काढून एक मळा करण्यात आला होता. पुढे १८४८ मध्ये लंडनजवळच्या क्यू येथील प्रसिद्ध उद्यानात शिकलेल्या विल्यम ग्रॅहम मॅकआयव्हर याच्याकडे हे काम आले आणि त्याने दोड्डाबेट्टा शिखराच्या उतारावर टप्प्याटप्प्यांनी ही बाग रचली. आज ती सुमारे २२ हेक्टरांवर पसरली असून तिचा वरचा भाग समुद्रसपाटीपासून जवळपास अडीच हजार मीटर उंचीवर जातो. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचे म्हणून दाखवले जाणारे दगड झालेले खोड तिथे आहे, दक्षिण अमेरिकेतील ‘मंकी पझल’ हा काटेरी पानांचा वृक्ष आहे, जपान आणि ऑस्ट्रेलियातून आणलेली झाडे आहेत. ही सारी खालच्या आणि मधल्या टप्प्यांवर असल्याने पाहुण्यांची गर्दीही तिथेच थांबते. वरच्या अंगाला गेले की ताटवे संपतात, निलगिरी पर्वताचे मूळचे जंगल, ज्याला तिकडे ‘शोला’ म्हणतात, ते जवळ येते आणि तोडा आदिवासींची वस्ती लागते. बुटकी, गाठाळ खोडांची, शेवाळाने आणि आमरींनी (ऑर्किडांनी) लगडलेली झाडे आणि त्यांच्याभोवती मोकळे गवताळ माथे असे या पर्वताचे खरे रूप आहे. तांबड्या फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन तिथे आढळतो. हा वृक्ष हिमालयात आहे, निलगिरीत आणि दक्षिणेच्या इतर उंच डोंगरांवर आहे, परंतु मधल्या आपल्या सह्याद्रीत कुठेही नाही. थंड काळात तो दक्षिणेपर्यंत पसरला आणि हवा तापल्यावर केवळ उंच शिखरांवर तगून राहिला, असा त्याचा अर्थ लावला जातो. एवढी एक गोष्ट सोबतच्या मुलांना सांगितली तरी उटीची फेरी सार्थकी लागेल.

याच उद्यानाच्या इतिहासाची दुसरी बाजू आपल्याकडे सांगितली जात नाही, म्हणून ती नोंदवतो. त्या काळातील उद्याने ही सरकारची प्रयोगक्षेत्रे होती. हिवतापावरील क्विनाइन ज्याच्या सालीपासून मिळते त्या सिंकोनाची निलगिरीतील लागवड मॅकआयव्हरच्याच देखरेखीखाली झाली आणि तिने असंख्य लोकांचे प्राण वाचवले असतील, यात शंका नाही. परंतु त्याच शतकात जळणासाठी आणि शोभेसाठी आणलेले वॅटल आणि निलगिरी हे ऑस्ट्रेलियन वृक्ष गवताळ माथ्यांवर असे फोफावले की आज तेथील वनखात्याला आणि अभ्यासकांना ते काढून गवत पुन्हा रुजवण्याचे किचकट काम करावे लागत आहे. बाहेरचे झाड डोंगरावर लावताना हात आखडता घ्यावा, हे उटीला गेल्यावर जितके पटते तितके कोणत्याही पुस्तकाने पटत नाही.

कुन्नूरचा सिम्स पार्क मला उटीपेक्षा अधिक आवडतो. १८७४ मध्ये एका घळीच्या उतारावर तो करण्यात आला, आणि तिथली काही मूळची झाडी तशीच राखून तिच्या मधून पायवाटा काढल्या. त्यामुळे लावलेले काय आणि आपोआप उगवलेले काय, हे शेजारी शेजारी पाहता येते. रुद्राक्षाचे झाड तिथे आहे; आपल्याकडच्या पुष्कळांनी रुद्राक्ष केवळ माळेत पाहिलेला असतो, त्यांनी ते जरूर पाहावे. कोडाईकनालचा ब्रायंट पार्क मात्र बहुतांशी फुलांच्या ताटव्यांसाठीच प्रसिद्ध असून मे महिन्यातल्या पुष्पप्रदर्शनाच्या वेळी तिथे मुंगीला शिरायला जागा नसते. दार्जिलिंगला जाणाऱ्यांनी १८७८ मध्ये सुरू झालेले लॉइड वनस्पती उद्यान चुकवू नये, कारण पूर्व हिमालयातील झाडे आणि आमरी हाच तेथील संग्रहाचा गाभा आहे.

सह्याद्रीच्या दृष्टीने मात्र ज्या उद्यानाला पहिला मान द्यावा ते केरळात, तिरुवनंतपुरमपासून सुमारे ४० किलोमीटरवर पालोड येथे आहे. तिथे आपल्या सहली जात नाहीत. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या आणि आता जवाहरलाल नेहरूंचे नाव असलेल्या या उष्णकटिबंधीय उद्यान व संशोधन संस्थेकडे सुमारे ३०० एकर जमीन आहे. पश्चिम घाटाच्या पायथ्याच्या जंगलालाच धरून ती असल्याने उद्यान कुठे संपले आणि जंगल कुठे सुरू झाले हे पाहुण्याला चटकन कळत नाही. बांबू, ताड-माड, आमरी, नेचे, औषधी वनस्पती यांचे वेगवेगळे विभाग आहेत. इथलीच एक हकिकत भारतातील वनस्पती अभ्यासात मैलाचा दगड मानली जाते. अगस्त्यमलाईच्या जंगलात फिरताना शास्त्रज्ञांच्या लक्षात आले की वाट दाखवणारे काणी आदिवासी एका लहानशा झुडपाची फळे चघळतात आणि दिवसभर चालूनही दमत नाहीत. ते झुडूप म्हणजे ‘आरोग्यपच्चा’. संस्थेने त्यावर संशोधन करून औषध तयार केले आणि त्याच्या परवान्यातून मिळालेल्या पैशाचा अर्धा वाटा काणी समाजाच्या न्यासाला देण्याचे ठरवले. ज्यांना झाड ठाऊक होते त्यांना लाभातला वाटा देण्याचे हे जगातील अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक आहे. पुढे या व्यवहारात अडचणीही आल्या, तरी ज्ञानाचा मालक कोण हा प्रश्न एका उद्यानाने उभा केला, हे महत्त्वाचे. आपल्याकडे धनगरवाड्यांवर आणि कातकरी वस्त्यांवर असे किती ज्ञान पडून आहे, याचा विचार पालोडला हमखास मनात येतो.

उत्तरेकडे सह्याद्री जिथे उतरू लागतो तिथे डांगच्या जंगलात वघई येथे गुजरात वनखात्याचे १९६६ मधले वनस्पती उद्यान आहे. सापुताऱ्याला जाणारे नाशिककर ते पाहतात, कोल्हापूरकर सहसा तिकडे फिरकत नाहीत. बिलिमोऱ्याहून तिथवर जाणाऱ्या छोट्या रेल्वेचे आकर्षण वेगळे. पण सागाच्या पानगळी जंगलातला सह्याद्री कसा असतो आणि आपल्याकडचा सदाहरित जंगलाचा सह्याद्री त्याहून किती निराळा आहे, हे समजून घ्यायला ते २४ हेक्टर चांगले आहेत.

आता महाराष्ट्राविषयी. सह्याद्रीची सर्वांत लांब वाटचाल आपल्या राज्यातून होते, तरी उटी किंवा पालोडच्या तोडीचे सार्वजनिक पर्वतीय उद्यान आपल्याकडे उभे राहिले नाही. प्रयत्न झाले नाहीत असे नाही. मुंबई सरकारने १८२८ मध्ये पुण्याजवळ दापोडीला वनस्पती उद्यान केले होते आणि जुन्नरजवळ हिवरे येथेही त्याचा एक भाग होता. त्यांची देखरेख करणारे डॉ. अलेक्झांडर गिब्सन पुढे १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. महाबळेश्वरला लिंगमळ्याजवळ सिंकोना लावून पाहिला गेला. निलगिरीत जो रुजला तो इथला कोसळता पाऊस आणि त्यानंतरचे कोरडे सात-आठ महिने सोसू शकला नाही. सह्याद्रीची ही तऱ्हाच परक्या झाडांना झेपत नाही. चार महिने पाण्यात आणि आठ महिने तव्यावर राहण्याची सवय इथल्याच वनस्पतींना आहे, आणि म्हणूनच इथले पुष्कळसे वैभव जगात दुसरीकडे कुठेही आढळत नाही.

याचा दाखला पाहण्यासाठी कोल्हापूरकराने जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. पूर्वेला शिरोळ भागात वर्षाकाठी ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, शहरात त्याच्या दुपटीच्या आसपास, आणि पश्चिमेला जेमतेम ५५ किलोमीटरवर गगनबावड्यात तो ५,००० मिलिमीटरच्या पुढे जातो. बाभळी-बोरीपासून अंजनी, जांभूळ, पिशाच्या गर्द रानापर्यंतचा प्रवास एस. टी.ने काही तासांत होतो. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात महाराष्ट्रातील चार असून कास, कोयना आणि चांदोली यांच्या जोडीला चौथे आपले राधानगरी अभयारण्य आहे. राधानगरीला गेलेला माणूस गवा दिसला की नाही एवढेच सांगतो. तिथल्या धुपाच्या झाडाबद्दल, गारंबीच्या हातभर शेंगांबद्दल कोणी विचारत नाही.

शिवाजी विद्यापीठाच्या आवारातील ‘लीड बोटॅनिकल गार्डन’बाबत तर काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी आपली गत आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने लीड गार्डन म्हणून मान्यता दिलेले हे उद्यान पश्चिम घाटातील दुर्मिळ वनस्पती जतन करण्यासाठी देशभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे कंदीलपुष्पांवर केलेले काम तर पाठ्यपुस्तकात जावे अशा तोलाचे आहे. कंदीलपुष्प, म्हणजे शास्त्रीय नावाने ‘सेरोपेजिया’, ही पावसाळ्यात कंदातून उगवणारी नाजूक वेल किंवा रोपटे. भारतात आढळणाऱ्या तिच्या पुष्कळशा जाती फक्त सह्याद्रीत, आणि त्यातल्या काही तर एखाद्या किल्ल्यावर किंवा पठारावरच उरल्या आहेत. विशाळगडावर सापडलेल्या अशाच एका नव्या जातीला अलीकडे शिवछत्रपतींचे नाव देण्यात आले, हे आपल्या वाचकांच्या स्मरणात असेल.

हे फूल एकदा तरी जवळून पाहावे. तळाशी फुगीर कुपी, तिच्यावर अरुंद नळी आणि वर पाच पाकळ्यांची टोके एकमेकींना जुळून झालेली जाळी. वासाला भुलून चिलटाएवढी माशी जाळीतून आत शिरते, नळीच्या गुळगुळीत कडेवरून घसरते आणि थेट कुपीत जाऊन पडते. नळीत आतून खाली वळलेले केस असतात. त्यांच्यामुळे आत जाणे सोपे, बाहेर येणे अशक्य. आत माशी फिरफिर फिरते आणि तिच्या तोंडाला परागांचे पुंज चिकटतात. काही काळाने ते केस कोमेजतात, फूल कलते आणि माशी सुटते. सुटते ती परागांसह दुसऱ्या फुलात अडकण्यासाठीच. एवढी नेमकी योजना असूनही ही वनस्पती दुर्मिळ का झाली, तर तिचे कंद चवीला बरे लागतात. गुराखी ते उकरून खातात, साळिंदर-डुकरेही खातात, आणि ज्या कातळावर ती उगवते तो जांभा चिऱ्यासाठी कापला जातो. विद्यापीठातील अभ्यासकांनी रोपे वाढवून ती पुन्हा मूळ ठिकाणी नेऊन लावली. शास्त्रीय उद्यानाचे असली काम हेच आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वनस्पतीशास्त्र विभागात आधी विचारून, शाळेच्या एका वर्गाला तिथे नेले तर पोरांना उटीच्या हिरवळीहून शतपट अधिक पाहायला मिळेल.

पन्हाळ्यावर तबक उद्यानाची सावली आहेच, परंतु त्याच्या जवळचे मसाई पठार हे खरे तर पावसाळ्यातले उघडे उद्यान आहे. अशा जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर, माती बोटभर असते आणि त्यातला नत्र पावसाने धुऊन जातो. ही उणीव भरून काढायला काही वनस्पती किडे पकडतात. दवबिंदूच्या पानांवरच्या लाल केसांच्या टोकांना चिकट थेंब असतात, तर सीतेची आसवे नावाच्या निळ्या-जांभळ्या फुलांच्या वनस्पतीला चिखलात बुडालेल्या इवल्या पिशव्या असतात, आणि त्यांचे झाकण उघडले की पाण्याबरोबर सूक्ष्म जीव आत ओढला जातो. गेंद, तेरडा, सोनकी, कवळा, हबे आमरी यांचे गालिचे एकामागून एक येतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात सारे संपते. दरवर्षी आषाढात पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला निघालेली हजारो तरुण मुले याच पठारावरून जातात. बाजीप्रभूंना मुजरा करायला निघालेल्या या पोरांना आपण कशावरून चालत आहोत हे कोणी सांगत नाही. सांगितले तर तीच मुले सर्वांत चांगली राखणदार होतील, अशी माझी खात्री आहे.

अशा पठारांना कुंपण घालून त्यांचे उद्यान करावे, असे मात्र मी सुचवत नाही. कासला गर्दी वाढल्यावर रोज तीन हजार पर्यटकांची मर्यादा, प्रवेशशुल्क आणि गावांच्या समित्यांची देखरेख अशी व्यवस्था बसवावी लागली. तिथे घातलेल्या जाळीच्या कुंपणाने गुरांची चराई थांबली, तेव्हा उंच गवत वाढून लहान फुलझाडे झाकोळतात की काय हा वाद उभा राहिला, आणि पुढे कुंपण काढावे लागले. गुरे चरतात, गवत आखूड राहते, म्हणून बुटक्या फुलांना ऊन मिळते, असा तो जुना हिशेब आहे. तो न समजता राखायला जाणे म्हणजे उपचाराने रोगी दगावण्यातला प्रकार. पठार पठारच राहावे आणि लोकांना दाखवण्याची, शिकवण्याची जागा त्याच्याजवळ पण निराळी असावी.

ही जागा कशी असावी, हा माझ्या पत्राचा मुख्य मुद्दा. एकाच ठिकाणी सर्व काही लावण्याचा हट्ट धरला की नर्सरी होते, उद्यान होत नाही. सड्यावरच्या गेंदाला झाडाची सावली चालत नाही आणि सदाहरित रानातल्या नेच्याला उघडे ऊन चालत नाही. म्हणून जिल्ह्यात तीन लहान जागा एकमेकींना जोडून विचारात घ्याव्यात. कोरड्या भागातील वनस्पती आणि अभ्यासाचे केंद्र म्हणून विद्यापीठातील उद्यान आहेच. पन्हाळ्याला, ज्या जमिनीवर आधीच बांधकामाचा किंवा खाणीचा घाला पडला आहे अशा एखाद्या तुकड्यावर, जांभ्याचा सडा जसाच्या तसा राखून पठारावरच्या वनस्पतींचा संग्रह करावा. आणि तिसरी जागा गगनबावड्याला, घाटमाथ्यावर, जिथे धुके आणि पाऊस फुकट मिळतो आणि करूळ घाटातून कोकणात उतरणारे पर्यटक नाहीतरी चहाला थांबतातच. तिथे नरक्या, धूप, सीतेचा अशोक, मुरुडशेंग, वावडिंग आणि रानातल्या आमरी लावाव्यात.

यातल्या नरक्याविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. या झाडाच्या वासामुळे त्याला असे नाव पडले असावे. पण त्याच्या लाकडात आणि मुळांत कॅम्पटोथेसिन हे द्रव्य असते आणि त्यापासून कर्करोगावरची औषधे तयार करतात. हे कळल्यापासून सह्याद्रीतील नरक्या मुळासकट उपटून ट्रकच्या ट्रक भरून पाठवला गेला. मागणी खरी आहे, औषधही खरे आहे, पण लावणारा कोणी नाही आणि तोडणारे सगळे. घाटमाथ्यावर सार्वजनिक उद्यान आणि त्याला जोडून रोपवाटिका असती, तर शेतकऱ्याला बांधावर लावायला रोपे मिळाली असती आणि रानावरचा भार काहीसा हलका झाला असता. उद्यान म्हणजे चैनीची बाब, असे जिल्ह्याच्या विकासाच्या बैठकांतून मानले जाते. त्याला हे उत्तर आहे.

पैशाचा प्रश्न निघेलच. आज सुशोभीकरणाच्या नावाखाली कारंजी, रंगीत दिवे, सिमेंटचे हत्ती-गवे आणि ‘आय लव्ह’ लिहिलेली अक्षरे यांवर जो खर्च गावोगाव होतो त्याच्या थोड्या भागातही हे काम उभे राहील, कारण इथल्या वनस्पतींना खत, औषध किंवा उन्हाळी पाणी फारसे लागत नाही. लागते ते जाणकार माळ्याचे लक्ष आणि तण व झाड यांतला फरक ओळखणारी नजर. सड्यावरची दुर्मिळ गवते ‘साफसफाई’त काढून टाकली जाण्याची भीती मला पैशाच्या तुटवड्यापेक्षा अधिक वाटते. घाटमाथ्यावरच्या गावांतील मुलांना हे शिकवून तिथेच रोजगार द्यावा. जंगलातली नावे त्यांना आमच्यासारख्या मास्तरांपेक्षा अधिक ठाऊक असतात.

आणि पाट्यांविषयी. एका गिरिस्थानावरच्या उद्यानात सरळसोट उंच वाढणाऱ्या आसुपालवाला ‘अशोक’ अशी पाटी लावलेली मी पाहिली आहे. सीतेचा अशोक हे वेगळे झाड. त्याला केशरी-लाल फुलांचे झुबके येतात आणि सालीचा औषधात उपयोग होतो. चुकीच्या पाटीवरून कोणी भलत्याच झाडाची साल उकळून प्यायले तर जबाबदार कोण? त्याच उद्यानात पत्र्याच्या पाट्या खिळ्यांनी खोडात ठोकल्या होत्या. खोड वाढत गेले, सालीने पत्रा दोन्ही बाजूंनी गिळला आणि मधली दोन-तीन अक्षरे तेवढी वाचता येत होती. पाटी जमिनीत खुंटीवर असावी. तिच्यावर आपल्या भागात चालणारे मराठी नाव, देवनागरीत शास्त्रीय नाव, झाड इथले की बाहेरचे, मुळात कुठे आढळते आणि फुलण्याचा महिना एवढे असले तरी पुरे. एवढ्याने सामान्य पर्यटक थांबतो, वाचतो आणि सोबतच्या माणसाला सांगतो, असा माझा अनुभव आहे.

आपल्या दैनिकाकडे माझी विनंती एवढीच की पर्यटनाच्या पानावर उटी-कोडाईच्या जोडीला जून ते ऑक्टोबर या काळात दर पंधरवड्याला ‘सध्या कुठे काय फुलले आहे’ अशी एक चौकट द्यावी. जिल्ह्यातील महाविद्यालयांचे वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक ती आनंदाने लिहून देतील. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, तेव्हा ते वर्ष वाचकांना आधी कळले तर दुसऱ्या फुलोऱ्यासाठी तेवढी वर्षे थांबावे लागणार नाही. मात्र दुर्मिळ वनस्पतींची नेमकी जागा त्यात छापू नये, कारण पत्ता छापला की कंद जातात. वनखाते, विद्यापीठ आणि पन्हाळा व गगनबावडा येथील स्थानिक संस्था यांनी एकत्र बसून जागा ठरवायची असेल, तर ती पावसाळ्यापूर्वी ठरवावी. रोपे जून-जुलैत लागली नाहीत तर घाटमाथ्यावर पुरे वर्ष वाया जाते.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर